पाचवी बाहुली

अतिदक्षता विभागात नोकरी करणाऱ्या बाईच्या लोक पाया का पडतात, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. 'जिवंत आहे म्हणा' म्हणून पडतात. बोट हललं म्हणा, पापणी लवली म्हणा, काहीही म्हणा, पण आहे म्हणा. 'माझा पोरगा मेलाच होता म्हणा' म्हणून पाया पडलेली बाई मी एकच बघितली. ती हरणाबाई.

मी अपेक्षा, गाव विटा. आमच्या गल्लीतले निम्मे बाप सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले, माझेही कोइमतूरला. मी तेवढी लांब न जाता सांगलीला आले आणि एका हॉस्पिटलात चिकटले. आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज संयोगितामॅडम औंधच्या, घर फौजेतलं, वडील सुभेदार. त्यामुळे बोलणं सगळं कवायतीचं. चादरीला सुरकुती दिसली की "ही चादर कुणी घातली, का नुसती फेकली?" आणि मी जरा घाईनं निघाले की "अपेक्षा, ड्युटीवर आलीयस का वरातीत?" पाठीमागं मी त्यांच्या हुबेहूब नकला करायचे. ताप आला की मात्र त्यांच्याच घरी जाऊन पडायचे, कारण तसला मऊ भात दुसऱ्या कुणाला जमत नाही.

त्यांच्या घरी धनाजीदादा असायचा. मॅडमचा धाकटा भाऊ. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात होता, अंगाला कायम हळदीचा वास. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तो डायलिसिसवर आला. मॅडम स्वतःची किडनी द्यायला निघाल्या तर तपासणीत त्यांनाच साखर निघाली. त्या दिवशी अख्ख्या ड्युटीत त्या कुणाला ओरडल्या नाहीत, तेव्हाच आम्ही सगळ्या घाबरलो. मग दादाचं नाव आमच्याच हॉस्पिटलच्या यादीत लागलं. आमच्याकडे कुणी मेंदूनं गेला आणि घरच्यांनी अवयव दिले, तर एक किडनी आमच्या यादीतल्या रुग्णाला मिळते, बाकीचं पुण्याहून ठरतं. त्या वर्षी दादाच्या रक्तगटात सगळ्यांत वर नंबर होता तो दादाचाच.

आमच्यात आणखी एक रीत होती. ज्याचं माणूस यादीत आहे, त्यानं देणाऱ्याच्या घरच्यांशी त्या विषयावर बोलायचं नाही. ही रीत कुणी भिंतीवर लावलेली नव्हती. ती मॅडमनीच आम्हाला शिकवली होती.

बिरदेव आला तो आष्ट्याजवळून. आटपाडीकडच्या वाडीतले धनगर, उसाची तोड संपली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानांत उतरतात. संध्याकाळी मेंढरं रस्त्यापलीकडं घेताना एका टेम्पोनं त्याला उडवलं. मेंढरू एकही मेलं नाही. डोक्याचा मार असा की कवटीत जागाच उरली नव्हती. वय माझ्याएवढंच असेल, दंडात काळा दोरा, तळहात घट्टे पडून राठ झालेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चला हलेनात. खोकला नाही, नळी ओढली तरी ठसका नाही. मी रक्तगटाचा कागद बघितला आणि मान वर केली, तर मॅडम आधीपासून माझ्याकडेच बघत होत्या. दोघींनीही तो गट मोठ्यानं वाचला नाही. मला त्या क्षणी आनंद झाला, आणि झाला म्हणून माझीच मला किळस आली.

मॅडमनी त्याचं सगळं स्वतःकडे घेतलं. कूस बदलणं, तोंड पुसणं, डोळ्यांत थेंब, रक्तदाबाचं औषध चिमटीनं कमीजास्त करणं. मी म्हटलं, "मी करते की." तर म्हणाल्या, "तुझ्या हातून घसरेल." कोण घसरेल, काय घसरेल, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या इतक्या जपून त्याला हात लावत होत्या की मला ते बघवत नव्हतं. लोणच्याची बरणी उचलतात तसं, दोन्ही हातांनी.

बाहेर बाकावर घरची चौघं. आई हरणाबाई, थोरला भाऊ तानाजी, बिरदेवची बायको सोनिया आणि तिच्या मांडीवर त्यांची बोलायला नुकतीच लागलेली लेक. तानाजीची बायको तळावर मेंढरांपाशी राहिलेली. एवढंच घर.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना मेंदू मेल्याचं सांगितलं, इंग्रजीत थोडं आणि मराठीत त्याहून थोडं. हरणाबाईनं ऐकून घेतलं आणि ती थेट मॅडमकडे वळली.

"तू कुठली गं बाय?"

"औंधची, मावशी."

"यमाईच्या पायथ्याची व्हय! मग तू खोटं न्हाई बोलायचीस. गेलाय न्हवं त्यो?"

"गेलाय. छाती हलतीया ती मशिनीनं."

"आन अंग ऊन हाय त्ये?"

"रक्त फिरतंय तवर ऊन राहतंय. मशीन काढली की थांबतंय."

मॅडम एरवी आमच्याशी पुस्तकातलं बोलतात. हरणाबाईपुढं मात्र त्यांची जीभ गावाकडं गेली आणि हरणाबाईच्या चेहऱ्यावर ओळख आली. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार होईना. अवयवदानाचं विचारणारे आमचे समन्वयक त्या दिवशी कोल्हापूरला गेलेले. कायद्यानं चाचणी दोनदा करावी लागते, मध्ये सहा तास सोडून. पहिली झाली होती. बिरदेवचा रक्तदाब दर थोड्या वेळानं घसरत होता.

मी मॅडमना कोपऱ्यात घेतलं. "तुम्ही नका विचारू. समन्वयक साहेबांना येऊ द्या."

"ते संध्याकाळी येतील. तोवर प्रेशर टिकेल? तूच सांग, टिकेल?"

त्या गेल्या आणि बाकावर हरणाबाईच्या शेजारी बसून सगळं बोलल्या. खोटं एक अक्षर नाही. फक्त धनाजी हे नाव त्यात कुठे आलं नाही.

हरणाबाई पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मेंढी मेली की तिचं कोकरू आमी दुसरीच्या सडाला लावतो. ती आदी लाथा मारती, घेतच न्हाई. तसं नसंल व्हय ह्ये? दुसऱ्याचं अंग घील ह्येचं काळीज?"

"लाथा मारतंय, मावशी. पण औषध देऊन घ्यायला लावत्यात. जन्मभर औषध खावं लागतंय."

"कितीकांस्नी लागंल?"

मॅडमनी बोटांवर मोजून सांगितलं. काळीज, फुप्फुसं, यकृत आणि दोन किडन्या. पाच जणांना. डोळ्यांचंही विचारलं, तर हरणाबाई म्हणाली, "डोळं नगं. डोळं त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या, वाट दिसाय पायजे." सोनियानं सासूकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. सह्या नंतर करायच्या ठरल्या, दुसऱ्या चाचणीआधी.

तानाजी गावाकडे फोन करायला बाहेर गेला होता. मातीची तयारी सांगायला. परत आला तो दारातच थांबला.

"आये, पंचक लागलंय. काल पहाटंपास्नं."

पंचकात माणूस गेलं की ते मागं पाच जणांना ओढतं, असं आमच्याकडं मानतात. मी मानत नाही. पण माझा चुलता गेला तेव्हा कोइमतूरहून आलेल्या माझ्या शिकल्यासवरल्या वडिलांनी आधी हसून घेतलं आणि मग स्वतः परातीत कणीक तिंबून पाच बाहुल्या केल्या. त्या मढ्याबरोबर जाळतात, म्हणजे पाचांचा हिशोब तिथंच मिटतो. घरातली कुणी चुकून आधी मागं उरलेली माणसं मोजायला लागली तर तिला गप्प करतात.

हरणाबाईनं मोजलं. तानाजी, त्याची बायको, सोनिया, नात, आपण. तिचा अंगठा करंगळीवर आला आणि तिथंच राहिला. "पाचच उरलोय गं आमी," ती म्हणाली.

अपघात पंचक लागायच्या आदल्या संध्याकाळचा. तिनं तेच धरलं. डॉक्टर राउंडला आले तशी ती उठली आणि त्यांच्या बुटांवर डोकं टेकवलं. "त्यो रस्त्यावरच म्येला हुता म्हणा. माझ्या मांडीवर हुता. मला ठावं हाय. तुमी तवाची येळ लिवा."

डॉक्टर पाय मागं घेत राहिले आणि ती पुढं सरकत राहिली. "बाई, दुसरी चाचणी संपते ती मृत्यूची वेळ. आजची. मी परवाची कशी लिहू?"

"आवं, तुमीच म्हणता मेंदू गेलाय. मेंदू तर रस्त्यावरच गेला की!"

याला त्या डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आजही नाही. ते 'सिस्टर, बघा जरा' म्हणून निघून गेले. अडलं की आमच्याकडे हेच वाक्य सोडून जातात.

तेवढ्यात तानाजी बोलला. तो वाईट माणूस नव्हता. दोन दिवस भावासाठी रडून त्याचे डोळे सुजले होते. "आये, उठ. इचार कर जरा. पाच जागी चाललाय न्हवं त्यो? न्हेईल ती त्या पाचांस्नी न्हेईल. आपलं घर सुटतंय."

सोनियानं लेकीला छातीशी ओढलं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्या पाचांतला एक कोण, हे त्या बाकापाशी आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

हरणाबाई उठून उभी राहिली. "दुसऱ्याच्या दारात मरण बांधून यायचं व्हय रं? हे शिकीवलं व्हय तुला? न्हाई द्यायचं काय बी. पोरगं हाय तसं न्हेतो मी."

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. मॅडमच्या पुढचा पेच सुटला, धनाजीदादाचा नंबर आज नाही तर उद्या लागेल. पण आतून मॉनिटर वाजायला लागला, रक्तदाब परत पडत होता. मॅडम आत गेल्या, औषध वाढवलं, आकडा वर येईपर्यंत त्याच्या मनगटावर बोटं ठेवून उभ्या राहिल्या. मी मागून म्हटलं, "मॅडम, सांगून टाका त्यांना दादाचं. नाहीतर सोडून द्या."

"काल डायलिसिसमध्ये तो दोनदा बेशुद्ध पडला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पुढचा बिरदेव येईपर्यंत राहील का तो?"

आणि बाहेर जाऊन त्यांनी हरणाबाईचे दोन्ही हात धरले. "मावशी, त्या पाच जणांच्या दारात मरण आधीच येऊन बसलंय. बिरदेव काही घेऊन जात नाही तिथं. तो ते उठवून लावतोय."

बोलणं खरंच होतं. एरवी मला अभिमान वाटला असता. हरणाबाईनं विचारलं,

"त्या पाचांचं वाईट न्हाई हुयाचं?"

"नाही."

"यमाईची आण घे."

मॅडमनी गळ्याच्या कातडीला चिमटा घेतला. "यमाईची आण." बदललेली किडनी टिकेलच, काळीज धरेलच, असं जगात कुणी शपथेवर सांगू शकत नाही. आम्ही नर्सा तर नाहीच नाही. मी तो चिमटा बघितला आणि मला वाटलं, आता याची फेड कुठंतरी होणार.

"तुझ्या सबदावर देतो," हरणाबाई म्हणाली.

दुसरी चाचणी दुपारी झाली. हरणाबाईला बघायचं होतं, मॅडमनी तिला पायथ्याशी उभं केलं. व्हेंटिलेटर सोडवला, नळीतून नुसता ऑक्सिजन ठेवला आणि सगळे त्याच्या छातीकडे बघत राहिले. एरवी आम्ही मनातल्या मनात म्हणतो, हल. त्या दिवशी मी मॅडमच्या ओठांकडे बघितलं. त्या काय म्हणत होत्या मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. छाती हलली नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. हरणाबाईनंही भिंतीवरचं घड्याळ बघितलं, तिला ते कळत नसावं. "आत्ता म्येला व्हय?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी हो म्हणून सांगितलं. "आत्ता," ती स्वतःशीच परत म्हणाली.

संध्याकाळी धनाजीदादाला फोन गेला. तो उपाशीपोटी आला, कपाळाला अंगारा लावून, आणि मला म्हणाला, "अपेक्षा, कोण असंल गं त्यो देवमाणूस?" मी त्याच्या हातात गाऊन दिला आणि पडदा ओढला.

सकाळी बिरदेवला ऑपरेशन थिएटरकडे नेलं. आमच्याकडे अशा वेळी सगळे दोन्ही बाजूंना हात जोडून उभे राहतात. डॉक्टर, वॉर्डबॉय, कँटीनचा माणूससुद्धा. हरणाबाई त्याचा पाय धरून थिएटरच्या दारापर्यंत चालली. तिथं तिनं कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढून मॅडमच्या हातात दिला. "समदं झाल्यावर तू लाव. तूच लाव." मॅडम आत गेल्या त्या शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. टाके घातल्यावर त्यांनी स्वतः त्याला पुसलं, कपडे घातले, भंडारा लावला. पलीकडच्या थिएटरात त्यांचा भाऊ टेबलावर होता. तिकडे त्या एकदाही डोकावल्या नाहीत. कसं राहवलं त्यांना, कुणास ठाऊक.

आम्ही त्याला मागच्या दारानं अँब्युलन्सकडे आणलं तेव्हा ऊन चढलं होतं. हरणाबाई नळापाशी लिंबाखाली उकिडवी बसली होती. पुढ्यात स्टीलचं ताट, त्यात कणकेच्या पाच बाहुल्या. हात, पाय, डोकं, सगळं नीट केलेलं. तिनं एकेकीवर बोट ठेवून सोनियाला सांगितलं, ही तानाजी, ही थोरली सून, ही तू, ही तुझी लेक. पाचव्या बाहुलीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता उचललं.

मग तिनं मॅडमकडे बघितलं. "त्या पाचांची नावं सांग बाय. त्यांच्या बी करतो. पीठ लय हाय."

"आये," तानाजी म्हणाला, "पाचच करत्यात. धा कुणी करत न्हाई."

"आजवर आसं पाच जणांत कोण गेलं हुतं? नावं सांग गं."

"नावं सांगत नाहीत, मावशी," मॅडम म्हणाल्या. "आम्हालाही कळवत नाहीत. कायदाच आहे तसा."

"आण घेतलीस न्हवं तू? मग तुला भ्या न्हाई. मलाच आपलं वाटलं, बिननावाचं कसं सोडायचं त्यांस्नी." हरणाबाई ताट घेऊन उठली. पोराला अँब्युलन्समध्ये सरकवलं होतं. तिनं पायरीवर पाय ठेवला.

मॅडम मागून धावल्या. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. "मावशी, थांबा! एकाचं धनाजी. एकाचं नाव धनाजी आहे."

हरणाबाई वळली. "कोण हाय त्यो?"

मला वाटलं आता खोटं सांगतील, तसं सांगणंही सोपं होतं. "माझा भाऊ," त्या म्हणाल्या.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर तंबाखू मळत होता, त्याचाही हात थांबला. तानाजी एक पाऊल पुढं आला, हरणाबाईनं त्याला कोपरानं मागं सारलं.

"आदी ठावं हुतं तुला? हात धरलंस तवा?"

"हो."

"आन बाकीचं चार?"

"नाही ठाऊक."

"ठावं न्हाई," हरणाबाई म्हणाली, "का इचारलंच न्हाईस?"

मॅडम नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना मी वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांना गप्प करताना बघितलंय. त्या वेळी मला त्यांच्या बाजूनं काही बोलायचं सुचलं नाही.

हरणाबाईनं ताटातली पाचवी बाहुली उचलली. तोंडाजवळ नेऊन त्या कणकेत म्हणाली, "धनाजी." परत म्हणाली, "धनाजी." आणि ती बाहुली बिरदेवच्या छातीवर, टाक्यांच्या वर ठेवली.

"आये, ती तुझी हुती!" तानाजी ओरडला.

"व्हय. माझं काय आता ऱ्हायलंय? त्याच्यात बिरदेव हाय. त्यो जगाय पायजे." मग मॅडमना म्हणाली, आवाज न चढवता, "तू आदी सांगितलं असतंस तरी दिलंच असतं गं मी." दार लागलं आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

तेवढ्यात थिएटरमधला मुलगा आम्हाला शोधत आला. हसत होता. नवी किडनी टेबलावरच चालू झाली होती, लघवी आली होती. मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो हसायचा थांबला. मग त्या नळापाशी गेल्या आणि सांडलेली कणीक हातानं गोळा करायला लागल्या.

धनाजीदादा सुधारला. गालावर मांस आलं, यार्डात परत जायला लागला. मॅडम मात्र दर गुरुवारी माझ्यासमोर तानाजीला फोन लावायच्या. पहिले दोन-तीनदा त्यानं उचलून नुसता कापला. मग एकदा हरणाबाईनंच घेतला. त्यानंतर ती दर वेळी तेच विचारायची. जेवतो का, गोळ्या खातो का, लघवीला नीट होतं का. एकदा घाईत तिच्या तोंडून गेलं, "बिरदेव बरा हाय न्हवं?" मॅडम म्हणाल्या, "बरा हाय, मावशी." मॅडम विचारायच्या, "तुम्ही बऱ्या आहात ना?" ती म्हणायची, "मी हाय की." फोन ठेवल्यावर मॅडमचा चेहरा जरा सैल व्हायचा. हा त्यांचा कुणाच्या तब्येतीचा कौल होता, हरणाबाईच्या की दादाच्या, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते. वॉर्डात आता त्या कुणाला ओरडत नव्हत्या. चादरींना सुरकुत्या पडलेल्या असायच्या आणि त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या. मला जुन्या मॅडम पाहिजे होत्या.

पावसाळा सरत आला होता. गुरुवारी फोन तानाजीनं उचलला. मॅडमनी स्पीकर लावला होता, त्या एकीकडे इंजेक्शन भरत होत्या.

"आय गेली, मॅडम."

"काय झालं?"

"काय बी न्हाई. न ताप, न खोकला. मेंढरांमागं गेली, दुपारी बाभळीखाली बसली, ती उठलीच न्हाई. परवा माती झाली." मग तो म्हणाला, "आमी तिला लय म्हणलं हुतं, जाळायच्या आदी बाहुली परत घे म्हणून."

मॅडमनी फोन बंद केला. इंजेक्शन खाली ठेवलं. मला वाटलं बसतील, रडतील, काहीतरी म्हणतील. त्यांनी तसंच उभ्याउभ्या दुसरा नंबर लावला. घंटा वाजत राहिली आणि मॅडमचा मोकळा हात कॉटची कड घट्ट धरून होता.

"काय गं ताई?" धनाजीदादाचा आवाज आला. मागं यार्डातली हमालांची गडबड ऐकू येत होती. "जेवतोय मी. काय काम हाय?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "जेव."

"मग ह्या येळंला कशाला फोन केलास?"

"सहज. जेव तू." आणि फोन ठेवल्यावर त्या कॉटच्या कडेवर बसल्या. ड्युटीवर कॉटवर बसायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. धनाजीदादाला अजूनही ठाऊक नाही, की हरणाबाई नावाची कुणी बाई होती.